ओट्याची उंची, फुगलेली पेटी आणि एकत्र कुटुंबाचे स्वयंपाकघर : वर्षभराच्या वापरानंतर

सिंकखालची तयार पेटी, म्हणजे दुकानातून आयते आणलेले कपाट, पहिल्याच पावसाळ्यात फुगली आणि दुकानदाराने हमी नाकारली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या आमच्या घराचे स्वयंपाकघर गेल्या उन्हाळ्यात नव्याने बांधले. खोली बारा बाय सोळा फुटांची, घर एकत्र कुटुंबाचे, आणि सणासुदीला लेकी-जावई आले की माणसे दुप्पट होतात.

आधी पेटीचे सांगते. नळाच्या सांध्यातून झिरपलेले थोडेसे पाणी पाइपासाठी पाडलेल्या छिद्रातून फळीत शिरले. फळी दाबलेल्या भुशाची होती. वरचे लॅमिनेट चकचकीत असले, तरी छिद्राची कड उघडीच सोडलेली होती. तळ फुगला, बिजागऱ्यांचे स्क्रू सुटले आणि दार एका बाजूला लोंबू लागले. पाण्याचा संपर्क आल्यास हमी लागू होत नाही, असे उत्तर दुकानातून मिळाले. जी वस्तू सिंकखाली बसवण्यासाठीच विकली, तिला पाणी लागणार नाही असे गृहीत धरून हमीपत्र लिहिणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. शेवटी गावच्या मिस्त्रीकडून विटांचे आडवे-उभे कप्पे बांधून घेतले, त्यांत कडप्प्याच्या फळ्या आणि बाहेरून ॲल्युमिनियमची दारे बसवली. खर्च पेटीपेक्षा कमी आला. ज्यांना लाकूडकामच करायचे असेल, त्यांनी सिंकजवळ आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचे मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारे, प्लायवूड मागावे. आयएस ३०३ चे साधे प्लायवूड कोरड्या भिंतीवरच्या कपाटांपुरते ठीक आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे स्वयंपाकघर मला मनापासून आवडते, ती गोष्ट म्हणजे ओट्याची उंची. आमच्याकडे मिस्त्री सरसकट ३४ इंचांचा ओटा बांधतात आणि तो एका पातळीत दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. वास्तविक चिरण्या-मळण्यासाठीचा ओटा, सरळ उभे राहून कोपर वाकवले असता, कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. शेगडीखालचा ओटा त्याहूनही खाली, कारण शेगडीची स्वतःची उंची आणि तिच्यावरच्या गंजाची, म्हणजे पातेल्याची, उंची दोन्ही त्यात मिळतात. आम्ही कामाचा ओटा ३२ इंचांवर आणि शेगडीचा २८ इंचांवर ठेवला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असली पाहिजे, हा सुरक्षिततेचा नियम मोडू नये म्हणून रेग्युलेटरसह सिलिंडर मोजून पाहिला. तो २८ इंचांच्या आत बसला.

हा फरक पुरण घाटताना कळतो. जुन्या ओट्यावर सासूबाईंचे कोपर गंजाच्या काठाच्या वर उचललेले असे, सगळा जोर खांद्यातून जाई आणि डाळ घट्ट होत आली की त्या डाव्या हाताने उजवे मनगट धरून घाटत. आता काठ त्यांच्या कमरेच्या किंचित वर येतो, हात खाली सरळ राहतो, अंगाचा भार उलथन्यावर पडतो आणि पुरणात उलथने उभे राहीपर्यंत त्या मध्ये थांबत नाहीत. रात्री खांद्याला तेल चोळून मागणे बंद झाले आहे. या चार इंचांसाठी मिस्त्रीशी घातलेला वाद सार्थकी लागला, असे मी ठामपणे म्हणेन. अडचण एकच आहे : दोन पातळ्यांच्या सांध्यात पीठ साचते आणि गरम गंज सरकवता येत नाही, तो उचलावाच लागतो.

कडप्प्याविषयीचे माझे मत मात्र वर्षभरात दोनदा बदलले. ग्रॅनाइटपेक्षा स्वस्त म्हणून ओट्यावरही तोच घातला आणि सुरुवातीला मी त्यावर बेहद्द खूश होते. लोणच्याच्या दिवसांत कैरीच्या आणि लिंबाच्या रसाने त्यावर पांढुरके डाग पडले, तेव्हा पैसे वाया गेले असे वाटले. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू, चिंच, अंबाडी असे कोणतेही आंबट त्याला खाते. ग्रॅनाइटला खात नाही. पुढे घरचेच जवसाचे तेल कापडाने पातळ चोळून वाळू दिले, तेव्हा डाग बरेचसे दबले आणि दगडाला काळा तजेला आला. आंबट चिरण्यासाठी ग्रॅनाइटचा एक उरलेला तुकडा वेगळा ठेवला आहे. एवढी काळजी घेणाऱ्या घराला कडप्पा परवडतो, इतरांनी ग्रॅनाइटच घ्यावा.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाचा नियम आजकाल सगळे सांगतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात तो मांडला गेला आणि तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी, असे त्यात म्हटले आहे. एकटी बाई रांधत असेल तर तो उत्तम आहे. परंतु भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या, आंबील, कढी आणि पुरणपोळ्या एकाच सकाळी करायच्या असतात, तेव्हा चार जणी एकाच त्रिकोणात एकमेकींच्या पायात येतात. म्हणून आम्ही सिंकच्या बाजूचा ओटा निवडण्या-धुण्यासाठी आणि समोरच्या भिंतीचा ओटा पोळ्यांसाठी वेगळा केला, आणि मधली जमीन पूर्ण मोकळी ठेवली. जेवणाचे टेबल घेतले नाही. त्याच जमिनीवर पंगत बसते, सरगुंडे (कणकेचा शेवयांसारखा पदार्थ) वळले जातात आणि भिंतीलगतच्या सोळा इंची बसक्या कट्ट्यावर सासरे तुरीच्या शेंगा सोलत बसतात. गुडघ्यांमुळे ज्यांना खाली बसवत नाही, त्यांचे ताटही त्याच कट्ट्यावर वाढले जाते. घरातील म्हाताऱ्या माणसांना रांधणाऱ्यांच्या सोबतीत बसता येणे, हे मला टेबल-खुर्च्यांपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

चिमणी बसवली नाही. वीज गेली की ती बंद पडते, खिडकी उघडीच राहते. शेगडीजवळ मोठी खिडकी आणि छताजवळ पंखा एवढ्यावर फोडणीचा ठसका निघून जातो. शेगडी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, मे महिन्यात ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते. रोडग्यांसाठी (निखाऱ्यावर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांसाठी) परसात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ आहेच.

त्याच दुकानाच्या वरच्या पेट्या अजून सरळ आहेत, कारण तिथे पाणी पोचत नाही. खालच्या उरलेल्या दोन पेट्या मात्र पावसाळ्याआधी काढून तिथेही विटांचे कप्पे करणार आहोत.