वीस डॉलरचं सोन्याचं नाणं: लिबर्टी हेड घ्यावं की सेंट-गॉडन्स?

जुन्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांचा संग्रह सुरू करताना बहुतेकांची गाडी या दोन नाण्यांपाशी अडते. सोन्याच्या हिशेबाने दोन्ही सारखीच: वजन 33.436 ग्रॅम, 90 टक्के सोनं, म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडं जास्त शुद्ध सोनं. तेव्हा निवड करायची ती बाकीच्या गोष्टींवरून.

सेंट-गॉडन्स (1907 ते 1933) दिसायला निर्विवाद सरस. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्राचीन ग्रीक नाण्यांसारखा ठसठशीत उठाव हवा होता, म्हणून त्यांनी शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांना गाठलं. पहिल्या नाण्यांचा उठाव इतका होता की प्रत्येक नाण्यावर अनेकदा ठोका मारावा लागे, म्हणून टांकसाळीने तो कमी केला. आपलं नाणं चलनात आलेलं पाहायला सेंट-गॉडन्स राहिले नाहीत. हे नाणं हातात आलं तर कड जरूर पाहा: लिबर्टीच्या कडेवर नुसत्या रेघा असतात, इथे अक्षरं आणि तारे आहेत.

लिबर्टी हेड (1850 ते 1907) टांकसाळीचे खोदकार जेम्स लाँगएकर यांचं. त्यावरच्या लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा, चेहरा थोडा कोरडा, हे मान्य. पण कॅलिफोर्नियाच्या खाणींतून निघालेल्या सोन्याची सगळी कहाणी याच नाण्यात आहे. गरुडाखालची टांकसाळीची बारीक खूण पाहायची: 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'सीसी' म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी. 1857 मध्ये बुडालेल्या 'सेंट्रल अमेरिका' जहाजातून वर काढलेली 1857-एस नाणी आजही जवळपास कोरी दिसतात. 1870-सीसी मात्र फक्त 3,789 पाडली गेली. तिच्या नादी सुरुवातीलाच लागू नये.

पूर्ण मालिका जमवायची जिद्द असेल तर सेंट-गॉडन्सचा विचार दहादा करा. 1933 मध्ये अमेरिकन सरकारने लोकांच्या सोनं बाळगण्यावर बंदी आणली, त्यानंतर सरकारी तिजोरीतली नाणी वितळवली गेली, त्यामुळे 1920 नंतरची कित्येक वर्षं दुर्मिळ झाली. खासगी मालकीला कायदेशीर मान्यता असलेलं 1933 चं एकमेव नाणं 2021 मध्ये सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरना गेलं. सामान्य माणसाने 1924 चं फिलाडेल्फियाचं घ्यावं, तेच सर्वांत सहज मिळतं. लिबर्टीत तसं 1904 चं.

एकच नाणं घ्यायचं असेल तर सेंट-गॉडन्स, आणि त्यात मनात शंका नको. दरवर्षी एखादं घेत वाढवत न्यायचं असेल तर लिबर्टी. टांकसाळी आणि काळ बदलत जातो, अभ्यासाला वाव राहतो. थोडी झिजलेली साधी लिबर्टी सोन्याच्या भावाच्या जवळपासही मिळू शकते.

दोन्हींत बनावट माल फिरतो, म्हणून पहिलं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या. आणि घासून चकचकीत केलेलं नाणं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. संग्राहक त्याला फारशी किंमत देत नाहीत.