डब्ल्यू १२३ मर्सिडीजचा इग्निशन टंबलर: ओरिजिनल की डुप्लिकेट?

डब्ल्यू १२३ची चावी थोडी वर-खाली हलवल्याशिवाय फिरेनाशी झाली, की टंबलर, म्हणजे चावी ज्यात घालून फिरवतो तो लॉकचा गोल गाभा, तपासायची आणि गरज पडल्यास बदलायची वेळ झाली. यात चालढकल नको. या गाडीत टंबलर सरळ बाहेर येतो तो फक्त चावी १ नंबरवर असताना (० म्हणजे बंद, १ म्हणजे स्टीअरिंग मोकळं, २ म्हणजे इग्निशन चालू). ० वर अडकला तर स्टीअरिंगही लॉक झालेलं असतं, आणि मग ड्रिल लावून अख्खं लॉक फोडण्यावर वेळ येते. छोटा पार्ट वाचवायच्या नादात मोठा पार्ट, टोइंग आणि वर मजुरी.

बाजारात दोन प्रकार मिळतात. ओरिजिनल टंबलर अधिकृत डीलरकडून चासी नंबर देऊन आणि मालकीची कागदपत्रं दाखवून मागवायचा. तो गाडीच्या चावीच्या कोडप्रमाणे बनून येतो, त्यामुळे दरवाजे, डिकी आणि इग्निशन एकाच चावीवर राहतं. डुप्लिकेट लगेच मिळतो, स्वस्तही पडतो. पण त्याच्या पाकिटातल्या चाव्या वेगळ्या, म्हणजे खिशात कायम दोन चाव्या.

डुप्लिकेट घ्यायचाच असेल तर काउंटरवरच एक परीक्षा घ्या. चावी पूर्ण आत घाला आणि टंबलरच्या गोल अंगावरून नख फिरवा. आतल्या पितळी पत्र्या पृष्ठभागाशी अगदी सपाट बसल्या पाहिजेत. एखादीही नखाला लागली तर तो नग परत. चावी बाहेर काढली की सगळ्या पत्र्या स्प्रिंगने टणकन बाहेर यायला हव्यात. एखादी आळसावून अर्ध्यावर राहत असेल तर पुढे हाच आजार होणार.

हीच परीक्षा जुन्या टंबलरलाही लागू पडते, आणि पैसे वाचवते. कारण निम्म्या वेळा झिजलेली असते चावी. झिजलेल्या चावीवरून चावीवाल्याने काढलेली नक्कल ती झीजही इमानेइतबारे उतरवते. म्हणून आधी कोडवरून नवी चावी कापून घ्या. नव्या चावीने जुन्या टंबलरच्या पत्र्या सपाट बसत असतील तर टंबलरला हात लावायची गरज नाही. जुन्या पत्र्या नव्या डुप्लिकेटमध्ये बसवून ‘एकच चावी’ करून देणारे कारागीर आहेत. पण त्या पत्र्यांसोबत जुनी झीजही येते, तेव्हा हा उपाय तात्पुरताच.

बसवणं अवघड नाही, फक्त घाई नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. चावी १ वर. जाड पेपर क्लिप सरळ करून तिचं टोक कानशीने तिरकं घासून घ्या. बोथट टोकाने आतली खिट्टी दबत नाही, आणि बहुतेकांचा वेळ इथेच जातो. चावीच्या फटीलगतच्या बारीक छिद्रात तार घालून दाबून धरा आणि बाहेरची काळी रिंग उलट्या दिशेने फिरवून सोडवा. मग चावी धरून टंबलर ओढला की निघतो. निघत नसेल तर पक्कडीने ओढू नका. चावी नेमकी १ वर आहे ना, स्टीअरिंग थोडं हलवल्यावर मोकळं होतंय ना, ते पाहा. नवा टंबलरही चावीसकट, १ वरच आत जातो. रिंग घट्ट करण्याआधी ०, १, २ असं दहा-बारा वेळा फिरवून पाहा आणि चावी फक्त ० वरच बाहेर येते याची खात्री करा. आत तेल ओतू नका, धूळ धरून चिखल होतो. ग्रॅफाइटची चिमूटभर पूड पुरते. आणि दहा किल्ल्यांचा जुडगा इग्निशनला लटकवू नका. डिझेलच्या थरथरीत तो दिवसभर टंबलरला झोके देतो.

ओरिजिनलला माझ्याकडून ५ पैकी ४॥. अर्धा गुण वाट पाहायला लावल्याबद्दल कापला. डुप्लिकेटला २॥, तोही नखाची परीक्षा पास झाला तर. पिंपरीत १९९५पासून जोडणी झालेल्या डब्ल्यू १२४ या पुढच्या मॉडेललाही १ नंबरचा हाच नियम आहे, पण पार्ट चासी नंबरवरूनच मागवा.

टंबलर घेण्याआधी एक ओळखून घ्या: चावी लोण्यासारखी फिरते पण स्टार्टर कधी लागतो, कधी नाही, तर दोष लॉकच्या मागच्या इलेक्ट्रिक स्विचचा असू शकतो. तो वेगळा पार्ट आहे, डॅशबोर्डवरचं मीटर बाहेर ओढून मागून गाठावा लागतो. स्टार्ट करताना स्विचच्या ३० (बॅटरीकडून येणारं) आणि ५० (स्टार्टरकडे जाणारं) या टर्मिनलांमध्ये मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत. २४०डी, ३००डी या डिझेल गाड्यांत तिथेच इंजिन बंद करणारा व्हॅक्यूमचा व्हॉल्व्हही असतो. व्हॅक्यूम पंपाकडून तपकिरी नळी येते आणि निळ्या पट्टीची तपकिरी नळी इंजिन बंद करायला जाते. काढताना दोन्हींवर खूण करा, अदलाबदल महागात पडते. चावी काढूनही इंजिन धडधडत राहिलं तर दोष या नळ्यांत किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधा. तोवर बॉनेट उघडून इंजिनवरचा ‘स्टॉप’ लिव्हर दाबून ते बंद करा.