काळ्या नळीखाली काय होतं

ठेकेदार स्वतः तारेला लोंबकळला, तिथेच मी फसलो.

वेलांच्या मांडवावर लोखंडी तारेऐवजी पॉलिएस्टरची जाड एकेरी तार हवी होती. ती गंजत नाही आणि वजनाला हलकी. काम संपल्यावर ठेकेदाराने एक तार दोन्ही हातांनी धरली, पाय वर घेतले आणि म्हणाला, "बघा साहेब, हलते का?" नाही हलली. संध्याकाळी मी सगळे पैसे चुकते केले.

तीन आठवड्यांत झोळ पडला. फोनवर उत्तर मिळालं, "नवी तार बसतेच थोडी, रॅचेट दोन दात फिरवा." रॅचेट म्हणजे तार ताणायची दातेरी चकती. हे अर्धं खरं असतं, म्हणून पटतं. पॉलिएस्टरलाही सुरुवातीला एकदा फेरताण द्यावा लागतो. मी पाचदा दिला. मग वेलांचं ओझं आलं आणि एका रात्रीत सात तारा टोकाच्या स्लीव्हमधून, म्हणजे तार धरून ठेवायला चेपलेल्या धातूच्या नळकांडीतून, निसटल्या. एकही तुटली नव्हती.

प्रत्येक जोडावर त्याने काळी नळी गरम करून बसवली होती, "आत पाणी जाऊ नये म्हणून." ब्लेडने कापून पाहिलं, तर स्लीव्ह तारेच्या मापापेक्षा मोठी आणि साध्या पकडीने चेपलेली. क्रिंपच्या, म्हणजे स्लीव्ह चेपायच्या, हत्यारात त्या मापाची डाय (साचा) असते, ती स्लीव्ह ठरलेल्या मापापर्यंत एकसारखी दाबते. स्लीव्हची अगदी टोकाची कड दाबायची नसते, नाहीतर धातूची धार तारेत रुतते. शिवाय तारेचं शेपूट चार-पाच मिलिमीटर बाहेर दिसायला हवं. माझ्याकडे ते आतच संपलेलं होतं.

मग शंका तारेवरच आली. एक तुकडा बादलीत टाकला, तो तरंगला. पॉलिप्रॉपिलीन हे दुसरं प्लास्टिक पाण्याहून हलकं, पॉलिएस्टर बुडतं. साध्या पाण्यात नायलॉनही बुडतं, म्हणून तुकडा बुडालाच तर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाकायचं: नायलॉन वर येतं, पॉलिएस्टर तळाशीच राहतं. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे मात्र आधी बोटाने पुसा. पॉलिप्रॉपिलीन क्षणभराचा भार झेलतं, पण कायमच्या ताणाखाली, त्यात उन्हात, हळूहळू लांबतच जातं. लोंबकळून ते कधीच कळणार नाही.

जाब विचारला तर म्हणाला, "तुम्हीच जास्त ताणलं." इथे माझीही चूक होती. पट्टीसारखी सरळ तार हवी, असा माझा हट्ट होता. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट होतो. दोन खांबांमधल्या 10 मीटरच्या गाळ्यात मीटरला 1 किलो ओझं असेल, तर 10 सेंटिमीटर झोळाला सुमारे 125 किलो ताण येतो, 5 सेंटिमीटरला 250. पण हे ठेकेदाराने आधी सांगायचं असतं. बिलावर तर नुसतं "सिंथेटिक तार" लिहिलेलं. तारेची जात नाही, जाडी नाही, स्लीव्हचं माप नाही. सही माझीच.

नवं काम देताना जोड उघडे ठेवायला लावले. स्लीव्ह आणि तार यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढून घेतली, तार सरकली की रेघ तुटलेली दिसते. निम्मे पैसे वेल भरेपर्यंत राखून ठेवले. दुसऱ्या ठेकेदाराने कुरकुर केली, पण मानलं.

जुन्या तारा उतरवताना सगळ्या नळ्या कापल्या. एकाच तारेच्या दोन्ही स्लीव्ह योग्य मापाच्या आणि डायने दाबलेल्या निघाल्या. ज्या तारेला तो लोंबकळला होता, तिच्या.