मोठं इंजिन बसवायला गेले आणि डिफ्रन्शियल उघडून आले : कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजचा अनुभव

माझी जीप 1993 सालची महिंद्रा एमएम 540. बाबांनी नवी घेतली होती, आता ती माझ्याकडे आहे. मी आजरा तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. गवश्यापासून आंबोलीच्या बाजूला जे वाडे आणि वस्त्या आहेत, तिथे पावसाळ्यात दुसरी गाडी जात नाही. म्हणून ही जीप माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये एका धनगरवाड्यावर म्हैस अडली होती. वाटेत एक कातळाचा चढ आहे. फोर व्हील लो (चारही चाकांना ओढ देणारा सावकाश गिअर) टाकून चढायला लागले, तर गाडी आवळल्यासारखी झाली. स्टिअरिंग जड झालं आणि इंजिन दोनदा बंद पडलं. शेवटी पेटी खांद्यावर घेऊन अर्धा किलोमीटर चालत गेले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. त्याच रात्री ठरवलं, आता मोठं इंजिन बसवायचं.

इंजिन बदलून देणारे पुष्कळ आहेत. फोन केला की पहिलाच प्रश्न येतो, "कुठलं टाकायचं?" आणि दुसरं वाक्य, "आठ दिवसांत देतो." शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजची गोष्ट वेगळी आहे. दारावर पाटी नाही, जीपवाले नुसतं 'मिस्त्रींचं गॅरेज' म्हणतात. मिस्त्री साठीच्या पुढचे. ते इंजिनाला हात लावण्याआधी पूर्ण दिवस गाडी तपासतात आणि त्याचे 2000 रुपये घेतात. काम त्यांच्याकडे दिलं नाही तरी पैसे परत मिळत नाहीत. मला आधी हे महाग वाटलं होतं. आता वाटत नाही.

आजऱ्याहून पहाटे निघून उत्तूर, निपाणीमार्गे साडेआठला पोचले. मी घरूनच यादी करून नेली होती : थारचं सीआरडीई इंजिन, 105 हॉर्सपॉवर, 247 न्यूटन मीटर ओढ (टॉर्क). मिस्त्रींनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "डॉक्टरबाई, गाडी कुठं कमी पडतीया ते सांगा. कागूद मागनं बघू."

मी चढाची हकिकत सांगितली. "आवळल्यासारखी म्हंजे कशी?" हे त्यांनी तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. चिखलात होतं का? कमी होतं. कातळावर, डांबरावर? जास्त. फोर व्हीलची दांडी परत काढताना अडकते का? हो, थोडं मागे-पुढे करावं लागतं. बाबांच्या वेळी पुढच्या शाफ्टचे क्रॉस (सांधे) किती वेळा बदलले? वहीत बघितलं, सहा वर्षांत चार वेळा.

मग त्यांनी काय केलं ते नीट सांगते, कारण जुनी जीप असलेल्या कुणालाही हे घरी करता येईल. गाडी न्यूट्रल केली, दुसऱ्या चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकवर उचललं. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब नळीवर) खडूनं खूण केली. चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवलं (एकच चाक उचललेलं असलं की त्याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून एक) आणि पोऱ्यानं शाफ्टचे फेरे मोजले. पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. मग पुढची हब लॉक करून, म्हणजे चाकं धुऱ्याला जोडून, पुढच्या चाकाला तेच. पाचही पूर्ण भरेनात. पोरगं चुकलं असेल म्हणून मी स्वतः मोजलं. तेच आलं.

डिफ्रन्शियलची, म्हणजे शाफ्टचं फिरणं चाकांना देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेट्यांची, झाकणं काढली. मागच्या क्राउनला (मोठ्या दातेरी चाकाला) 43 दात, पिनियनला (लहान चाकाला) 8. पुढच्या क्राउनला 39, पिनियनला 8. म्हणजे मागं 5.38 आणि पुढं 4.88. फोर व्हील टाकलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळू बघणार. चिखलात चाक घसरतं म्हणून ते खपून जातं. कातळावर घसरायला जागा नसते, मग तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीत) साठत जातो. इंजिन चढाशी झुंजण्याआधी आपल्याच गाडीशी झुंजत होतं. कधीतरी एका गॅरेजमध्ये एक धुरा (अ‍ॅक्सल) बदलला गेला होता, बिलावर नुसतं 'अ‍ॅक्सल काम' लिहिलेलं. दात कुणी मोजलेच नव्हते. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की या गाडीचं इंजिन पहिल्यासारखं ओढत नाही. ते ऐकून मीच एकदा डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेट करून आणला होता. उघड्या डिफ्रन्शियलसमोर उभं राहून मला फार वाईट वाटलं.

इथं थांबून मिस्त्री म्हणू शकले असते की चला, सगळंच बदलू. ते म्हणाले, "अगुदर हे सारखं करून घ्या. एक पावसाळा चालवा. तरीबी कमी पडली तर इंजिनाचं बोलू."

पण पैसे इंजिनाच्या तपासणीचे दिले होते, तेव्हा ती त्यांनी पुरी केली. दुपारभर ओळंबा, पट्टी आणि पुठ्ठ्याचे साचे घेऊन मापं चालली. सीआरडीई त्यांनी सरळ नाकारलं. कारण हॉर्सपॉवर नव्हे. त्या इंजिनासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), अख्खं वायरिंग, सेन्सर आणि इंटरकूलर येतो. धनगरवाड्यावर पावसात सेन्सर गेला तर लॅपटॉप कोण आणणार? शिवाय तेवढी ताकद माझ्या चार गिअरच्या जुन्या गिअरबॉक्समधून आणि चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवर सोडायची म्हणजे एकेक करून सगळंच बदलायचं.

त्यांनी सुचवलं ते एक्सडीथ्रीपी. माझ्या गाडीतलं इंजिन प्यूजोच्या आराखड्याचं एक्सडीपी 4.90, 2112 सीसी, 62 हॉर्सपॉवर. एक्सडीथ्रीपी त्याच घराण्यातलं, 2498 सीसी. (सीआरडीईवरही 2498च लिहिलेलं असतं, त्यावरून फसू नये. दोन्ही पूर्ण वेगळी इंजिनं आहेत.) बोअर 90 वरून 94 मिलिमीटर आणि स्ट्रोक 83 वरून 90, बाकी ठेवण ओळखीची, डिझेल पंपही साधा. सीसी सुमारे अठरा टक्के वाढते. कागदावर मला हे फारच थोडं वाटलं. पण मिस्त्रींचा मुद्दा असा की मला वेग नको आहे, खालच्या आरपीएमला ओढ हवी आहे.

इंजिन एकटं घ्यायचं नाही. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण), क्लच आणि पाच गिअरचा बीए10 गिअरबॉक्स असा जोड एकाच गाडीतून उतरलेला घ्यायचा. गिअरबॉक्स लांब असल्यानं ट्रान्सफर केस मागं सरकते, म्हणून मागचा शाफ्ट कापून लहान आणि पुढचा लांब करावा लागतो. मागच्या शाफ्टचा उतार किती वाढेल हे त्यांनी दोरी ताणून मला दाखवलं. रेडिएटर मोठा, पुढच्या कमानीत एक पाटा जादा, पुढं डिस्क ब्रेक आणि बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप चालतो का ते बघणं, हे सगळं इंजिनाच्या आधी लिहिलं. एकूण अंदाज 2,35,000 रुपये. डिफ्रन्शियलचं काम वेगळं.

कागदपत्रांबद्दल ते सगळ्यात कडक आहेत, आणि मला ते पटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. माझ्या गाडीची 15 वर्षं 2008 मध्येच संपली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. तिथे इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी उभीच. अपघात झाला तर विम्याचंही अवघड. "लेखी परवानगी आणा, मग पाना लावतो. तोंडी न्हाई," हे त्यांचं वाक्य. परवानगी मिळाली नाही तर काय, तेही त्याच कागदावर लिहून दिलंय : माझंच इंजिन खोलायचं, नवे लायनर-पिस्टन, हेड, नोझल आणि पंप. आरसीला धक्का लागत नाही.

खटकलेल्या गोष्टी सांगते. तारीख मिळायला तीन आठवडे लागले आणि मधे दोनदा फोन उचलला नाही. गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात पाणी साचलेलं होतं, त्यामुळे तासभर पंप लावण्यात गेला. अंदाजपत्रक वहीच्या पानावर पेन्सिलीनं मिळतं. मी हट्ट धरून पेननं लिहून घेतलं आणि सही घेतली, तुम्हीही घ्या. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, शेजारच्या कारखान्यात विचारून जावं लागलं. दिवसभर थांबायचं असेल तर याची सोय त्यांनी करायलाच हवी, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

मोठ्या इंजिनाचा विचार मनात असेल तर या एका दिवसाचे 2000 रुपये जरूर खर्च करा. मात्र बरोबर जुनी बिलं न्या. माझ्याकडे बाबांची वही नसती तर क्रॉसचा धागा लागलाच नसता.

मागं 39/8 चं क्राउन-पिनियन बसवून गाडी परवा परत आणली. काल त्याच कातळावर रिकामीच नेली, फोर व्हील लोमध्ये, दुसऱ्या गिअरवर. स्टिअरिंग एका हातानं वळत होतं. वर पोचल्यावर दांडी काढली, ती बोटानं निघाली. आरटीओचा अर्ज मी भरून ठेवलाय, अजून दिलेला नाही. ऑक्टोबरपर्यंत चालवून बघते.