बिलावर बोअर, आत जुनेच पिस्टन

आमच्या घरची चूल पिकअपवर पेटते. गोव्यातल्या सत्तरीतून नारळ, सुपारी, केळी भरायची, केरीवरून चोर्ला घाट चढायचा, बेळगावात माल उतरवायचा आणि येताना भाजी आणायची. बारा वर्षं हेच करतोय. त्या गाडीच्या इंजिनकामात माझी चौऱ्याहत्तर हजारांना फसवणूक झाली. ज्यांची गाडी निळा धूर सोडायला लागली आहे आणि जे इंजिन खोलायच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे मोजण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितोय.

गाडी जुनी महिंद्रा, २५२३ सीसीचं डिझेल इंजिन. इंजिन खरोखरच दमलं होतं, ते खोटं नव्हतं. आठशे किलोमीटरमागे लिटरभर ऑइल खायची. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवलं की ते थडथड नाचायचं आणि खालून वाफेसारखा धूर यायचा. म्हणजे जळलेला गॅस पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होता. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने हे पाहून सांगितलं, "बाब, बोअर गेलाय, इंजिन काम करावंच लागणार." बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती गोल पोकळी. त्याचं निदान बरोबर होतं, आणि म्हणूनच मी पुढच्या सगळ्यावर विश्वास ठेवला.

तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती. चवथीच्या आधीचे दिवस आमच्या धंद्याला सोन्याचे. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीची फळं, नारळाच्या पेंडी, सुपारीचे घोस, केळीचे घड, सगळं बाजारात पोचवायचं असतं. गाडी बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. ज्या मेस्त्रीकडे आम्ही वर्षानुवर्षं जायचो त्याने गॅरेज कधीच बंद केलं होतं. आमच्या डिचोली, साखळी, उसगाव भागात चांगले मेस्त्री तयार झाले ते खाणीच्या टिपरांवर. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. टिपर अंगणात गंजत उभे राहिले. हातात माप असलेली माणसं कोणी रिक्षा चालवायला गेली, कोणी परदेशी. हे आठवलं की मला माझ्या पैशांइतकंच वाईट वाटतं. ती माणसं जागेवर असती तर मी त्या हमरस्त्यावरच्या चकचकीत बोर्डाखाली गेलोच नसतो.

सौदा ठरला चौऱ्याहत्तर हजारांत, पंचेचाळीस हजार आगाऊ. इंजिन खोललं की मला दाखवायचं, असं मी दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा गेलो तर "ब्लॉक लेथवर गेलाय," दुसऱ्यांदा गेलो तर इंजिन बसवून झालेलं. जुने पिस्टन मागितले तर म्हणाला, "ते भंगारवाल्याने कालच नेले." बिल म्हणून साध्या वहीचं फाडलेलं पान, त्यावर जीएसटी नंबर नाही, लेथवाल्याचं नाव नाही. लिहिलं होतं: बोअरिंग, वीस थाऊ ओव्हरसाइज पिस्टन सेट, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग सेट, हेड फेसिंग, मजुरी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; झिजलेला बोअर तेवढा मोठा कापायचा आणि त्यात तेवढेच मोठे पिस्टन घालायचे. क्रँक म्हणजे पिस्टनच्या रॉडांनी फिरणारा खालचा दांडा, तोही झिजला की घासून गोल करतात. मी पैसे दिले आणि गाडी घेऊन आलो.

पहिले काही आठवडे गाडी छान चालली. धूर नाही, आवाज नाही. चवथ पार पडली. मी दोघा-तिघांना त्या गॅरेजचं नावही सांगितलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पुढे हळूहळू धूर परत आला. मग एका पहाटे माल भरून चोर्ला चढताना इंजिनातून ठोक-ठोक सुरू झाली. दोन वळणांत ती इतकी वाढली की गाडी बाजूला घेऊन बंदच केली. काम झाल्यापासून तेव्हा ३,१०० किलोमीटर झाले होते. गाडी ओढून केरीला आणली. तिथून उसगावच्या बाजूला एक म्हातारे मेस्त्री घरामागच्या शेडमध्ये अजून काम करतात असं कळलं, त्यांच्याकडे नेली.

त्यांनी आधी इंजिनाला हातच लावला नाही. चावी फिरवायला सांगितली, इंजिन चालू न करता. मग म्हणाले, "ऑइलचा लाल दिवा कुठाय?" दिवा लागतच नव्हता. चावी फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. खाली बघितलं तर ऑइल प्रेशरच्या स्विचची वायर काढून टेपने गुंडाळून ठेवलेली. गरम झाल्यावर प्रेशर पडत होतं, दिवा लुकलुकला असता आणि मी दुसऱ्याच दिवशी गॅरेजच्या दारात उभा राहिलो असतो. इतका वेळ मी सावध होऊ नये म्हणून कोणीतरी हाताने ती वायर काढली होती. पैसे गेल्याचा राग एक, पण घाटात भरलेली गाडी आणि शेजारी माझा मुलगा बसलेला असताना तो दिवा मुका करून ठेवला होता, हा राग वेगळा आहे.

हेड उतरवलं तेव्हा मेस्त्रींनी मला जवळ बोलावलं. "बोअरच्या वरच्या काठाला नख लाव." नख अडकलं. रिंग जिथवर चढते तिथवर भिंत झिजते आणि त्याच्या वर न झिजलेली कडा उरते. बोअर खरंच मारला असता तर ही कडा राहिलीच नसती, वरपासून खालपर्यंत नख गुळगुळीत गेलं असतं. भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे शेवटच्या दगडी घासणीच्या, तिरप्या फुल्या हव्यात, त्याऐवजी पॉलिश पेपरचे आडवेतिडवे ओरखडे होते.

मग पिस्टन पुसले. पिस्टनच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं. चारही पिस्टनांवर एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, कंपनीचं मूळ माप. वीस थाऊचा आकडा कुठेच नव्हता. माझेच जुने पिस्टन तारेच्या ब्रशने घासून परत घातले होते. एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे उगाच कोणावर आळ यायचा नाही: स्लीव्ह, म्हणजे बोअरच्या आत बसवायची नळी, बदलून नव्या मापाला आणली असेल तर एसटीडी पिस्टन बरोबरच असतो. पण माझ्या बिलात स्लीव्ह नव्हती, ओव्हरसाइज होता.

बदललं होतं ते फक्त रिंगा. मेस्त्रींनी त्यातली एक काढली, बोअरमध्ये ठेवली, पिस्टन उलटा धरून त्याने सरळ खाली ढकलली आणि टोकांमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला. साडेतीन इंची बोअरला बारा-चौदा थाऊ फट पुरे. इथे झिजलेल्या भागात चाळीस निघाली. व्यास एक थाऊ झिजला की ही फट तीन थाऊंहून जास्त वाढते, असं सांगून त्यांनी मला तिथेच जमिनीवर खडूने हिशोब मांडून दाखवला. बोअर आठेक थाऊ झिजला होता. नव्या रिंगांनी आणि जाड ऑइलने काही आठवडे झाकला गेला, इतकंच.

खालचा चेंबर काढला तर एका कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग फिरलेलं. क्रँकला ग्राइंडिंगचा स्पर्शही नव्हता, जर्नल (बेअरिंग जिथे बसतं तो क्रँकचा भाग) लंबगोल आणि चरे पडलेले, आणि बेअरिंगच्या पाठीवर एसटीडीच छापलेलं. ग्राइंड केलेल्या क्रँकला जाड बेअरिंग लागतं आणि त्याचा आकडा पाठीवर असतो. तोही तिथे नव्हता.

फोटो काढले, बिलाचं पान घेतलं आणि त्या गॅरेजात गेलो. आधी म्हणाला गाडी जास्त भरली असेल. मग म्हणाला लेथवाल्याने फसवलं. लेथवाल्याचं नाव विचारलं तर गप्प. शेवटी पंधरा हजार पुढे केले, बाकीचं विसरा म्हणाला. मी घेतले नाहीत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, तीही तयारी सुरू आहे. पण पक्क्या बिलाअभावी माझी बाजू लंगडी आहे, हे वकिलाने पहिल्या भेटीतच सांगितलं. मेस्त्रींनी काय सापडलं ते लिहून सही करून दिलंय, आता सगळी भिस्त त्या कागदावर आणि फोटोंवर आहे.

दुसरं काम त्या म्हाताऱ्या मेस्त्रींनीच केलं. नव्या स्लीव्ह, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग. चोवीस दिवस लागले. लेथवर त्यांनी मला सोबत नेलं. बोअर तीन खोलींवर, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा असा मोजला आणि मापं माझ्या वहीत मला लिहायला लावली. व्हॉल्व्ह बसवल्यावर हेड तिरकं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं आणि चहा होईपर्यंत थेंब पाझरतो का ते बघत बसलो. पाझरला नाही. खोललेला भाग झाकण्याआधी दर वेळी फोन आला, "ये, बघून जा, मग झाकतो." पहिले हजार किलोमीटर भरलेली गाडी घाटात घालायची नाही, अशी ताकीद दिली. ती मी पाळली, धंदा बुडाला तरी.

ते चार पिस्टन भंगारात दिलेले नाहीत. केरीच्या बाजूला कोणाचं इंजिन खोललेलं असेल तर एक बरोबर घेऊन जातो आणि त्याच्यावरची एसटीडीची अक्षरं गाडीमालकाला उन्हात धरून दाखवतो.