टिळकवाडीतला फ्लॅट की मच्छेतल्या खोल्या?

शेताची वाटणी होऊन मेहुण्याच्या हातात ४० लाख आलेत. त्यानं दोन जागा हेरल्यात. बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ जुन्या अपार्टमेंटमधला टू बीएचके, नाहीतर शहराबाहेर मच्छेत सहा खोल्यांची ओळ. किंमत जवळपास सारखीच. "दाजी, खोल्या दुप्पट भाडं देतात की! विचार कसला करायचा?" हे त्याचं म्हणणं.

हिशेब मांडला तर त्याचं चूक नाही. फ्लॅटला महिना १३ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ५६ हजार, म्हणजे शेकडा चारसुद्धा पडत नाहीत. सहा खोल्या साडेचार हजारांनी लावल्या तर ३ लाख २४ हजार, शेकडा आठ. पण मच्छेत भाडेकरू कोण? निम्मे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची पोरं, निम्मे उद्यमबागच्या फौंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये जाणारे. परीक्षा संपली की पोरं गावी. तीन खोल्या दोन महिने रिकाम्या राहिल्या तर २७ हजार गेले. मोटर, टाकी, दरवर्षीचा रंग, मोडलेली कडी यांचे ७० हजार धरा. हातात उरतात सव्वादोन लाख. फ्लॅटचा मेंटेनन्स, घरपट्टी वगैरे २५ हजार वजा केले तरी १ लाख ३१ हजार राहतात. फरक महिन्याला आठ हजारांचा.

आता हे आठ हजार कशाचे? रविवारी भाडं गोळा करायचं, रात्री मोटर जळाली की मेकॅनिक शोधायचा, दोन खोल्यांतलं भांडण मिटवायचं, त्याचे. मेहुणा राहतो निपाणीत, ७०-७५ किलोमीटरवर. माझा जन्म उद्यमबागेत गेला, मच्छे मला दहा मिनिटांवर, म्हणून मला खोल्या परवडतात. त्याला नाही परवडणार.

कागदांचं थोडक्यात. आता कर्नाटकात ई-खात्याशिवाय, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाईन उताऱ्याशिवाय, शहरी मिळकतीची नोंदणीच होत नाही. टिळकवाडीत बहुतेक तो निघतो. शहराबाहेरच्या खोल्या मात्र एनए (बिगरशेती) न झालेल्या जमिनीवर उठवलेल्या असू शकतात. तसं असेल तर भाडं कितीही येवो, हात लावायचा नाही. विकायची वेळ आली की बँक गिऱ्हाइकाला कर्ज देत नाही. ईसी, म्हणजे मिळकतीवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला, निदान १५ वर्षांची काढा.

जागा बघायची ती पावसाळ्यात. बेळगावात एप्रिलमध्ये बघितलेलं घर आणि जुलैमध्ये बघितलेलं घर एक नसतं. मी माझा पहिला फ्लॅट मे महिन्यात घेतला. भिंतींना नवा कोरा रंग, वास अजून जायचा होता. आषाढात पश्चिमेच्या बेडरूममधलं कपाट सरकवलं तर मागे हिरवट-काळी बुरशी, आणि तळहात टेकवला तर चुना बोटांना चिकटून आला. पहिला भाडेकरू तीन महिन्यांत गेला. चूक त्याची नव्हती. तेव्हापासून कपाट सरकवल्याशिवाय मी जागा बघत नाही.

भाडेकरूचं विचाराल तर आपल्याकडे लोक आधी आडनाव विचारतात, मग मटण खाता का, मग घरात बोलता मराठी की कन्नड. यातल्या एकाही उत्तरावरून पाच तारखेला पैसे येतील का ते कळत नाही. मी तो माणूस घरात शिरल्यावर काय करतो ते बघतो. नळ सोडून बघणारा, पाणी कितव्या दिवशी येतं विचारणारा, मीटर वेगळा आहे का बघणारा माणूस राहायला आलेला असतो. "रंग-बिंग काही नको, डिपॉझिट उद्या देतो, चावी द्या" म्हणणाऱ्याला मी एकदा चावी दिली. डिपॉझिट चार महिन्यांनीसुद्धा आलं नाही. आधीच्या घरमालकाचा नंबर मागून घ्या, आणि सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्याला फोन लावा. सध्याचा मालक ब्याद टळावी म्हणूनही गोड बोलतो.

मीटरचा प्रश्न फुकट विचारत नाहीत. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतची वीजसवलत भाडेकरूलाही मिळते, पण आधार त्या मीटरच्या आरआर नंबरला (वीजजोडणीचा क्रमांक) जोडावं लागतं. सहा खोल्या एका मीटरवर असल्या तर २०० ओलांडायला कितीसा वेळ लागतो? मग पूर्ण बिल येतं आणि वाटणीवरून वाद. फ्लॅटला ही कटकट नाही. भाडेकरू सोडून जाताना मात्र आधारची जोडणी काढून घ्यायला लावा, नाहीतर पुढच्याचं अडतं.

करारात आपली सीमा आडवी येते. सीमेपलीकडचे, चंदगडचे पाहुणे लिव्ह अँड लायसन्स (तिकडचा भाडेकरार) नोंदवायला सांगतील. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. इथे ई-स्टॅम्प काढून ११ महिन्यांचा करार करायची रीत आहे. तो बहुधा कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत टाईप होतो. सही करण्याआधी कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या. रंगाचा खर्च कुणाचा आणि नोटीस किती दिवसांची, हे दोन मुद्दे टायपिस्ट हमखास जुन्या करारातले तसेच ठेवतो.

मेहुण्याला टिळकवाडीच सांगितली आहे. टोकन अजून द्यायचं नाही. जुलैत एक चांगली झड लागू दे, मग दोघं जाऊन कपाट सरकवणार आहोत.