थंडीतले प्रयोग आणि टोचायचा थर्मामीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

तुमचा स्वयंपाक रोजच्या पदार्थांपुरता असेल तर या वस्तूवाचून तुमचं काही अडत नाही, हे आधीच सांगून टाकते. हात बसलेल्या पदार्थात डोळा, नाक आणि बोटं जे सांगतात ते पुरेसं असतं. पण थंडी पडली की काहीतरी नवं करून बघायची खुमखुमी येत असेल, घरी पाव भाजायचा असेल, काही आंबवायचं असेल, चॉकलेट जमवायचं असेल, तर पुढचं वाचा. पाककृतीत तापमान क्वचित लिहिलेलं असतं, वेळ मात्र हमखास. आणि थंडीत नेमकी ती वेळच दगा देते. ‘दोन तास झाकून ठेवा’ असं लिहिणारीच्या स्वयंपाकघरात किती ऊब होती कोण जाणे!

माझ्याकडचा थर्मामीटर वायरवाला आहे. सळई पदार्थात खुपसायची, वायर ओव्हनच्या किंवा डब्याच्या फटीतून बाहेर काढायची आणि आकडा बाहेर बघायचा. दुसरा प्रकार घडीचा. तो खुपसला की काही सेकंदांत आकडा देतो, तळणाच्या तेलासाठी सोयीचा आहे, पण तासन्‌तास आत ठेवता येत नाही. लांबून लाल ठिपका पाडून मोजणारं पिस्तूलही वापरून पाहिलं. ते फक्त वरवरचं तापमान सांगतं आणि चकचकीत स्टीलवर धरलं तर तेही धड नाही. चांगलं तापलेलं पातेलं चक्क कोमट दाखवतं.

कुठलाही घ्या, आणल्या आणल्या बर्फात तपासा. बर्फ बारीक कुटून भांडं गच्च भरायचं, फटी भरतील इतकंच पाणी ओतायचं, ढवळायचं आणि सळई मधोमध धरायची. ० आला पाहिजे. पेलाभर पाण्यात तरंगणाऱ्या चार खड्यांवर ही परीक्षा होत नाही. उकळत्या पाण्याची परीक्षाही करतात, पण १०० अंश हे समुद्रसपाटीचं गणित. दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो, त्यामुळे उंचावर राहणाऱ्यांनी ९८ दिसले म्हणून लगेच वस्तू परत करू नये. माझा अर्धा अंश वर दाखवतो. स्वयंपाकाला तेवढं चालतं.

सगळ्यात जास्त उपयोग पावाला झाला. यीस्टच्या कणकेला २४ ते २७ अंश मानवतात. थंडीतल्या सकाळी पिठाच्या डब्यात सळई खुपसली तर १६ अंश, खोलीही तेवढीच गार. यावर बेकरीवाल्यांचा एक सोपा हिशेब आहे. कणकेचं जे तापमान हवं त्याची तिप्पट करायची, त्यातून पिठाचं आणि खोलीचं तापमान वजा करायचं, मळताना वाढणारे एखाददोन अंशही वजा करायचे. उरेल ते पाण्याचं तापमान. मला २६ हवे होते, म्हणजे ७८ वजा १६ वजा १६ वजा २. उत्तर ४४. हाताला हे पाणी चांगलंच गरम लागतं आणि पाककृतीतला ‘कोमट’ शब्द वाचून कोणी एवढं गरम पाणी घ्यायला धजावणार नाही. ५५ च्या पुढे मात्र जाऊ नका, तिथे यीस्ट मरायला लागतं. हाच हिशेब खोली आणि पीठ ३० अंशांवर असताना केला तर उत्तर १६ येतं, म्हणजे फ्रीजमधलं पाणी. मळलेल्या गोळ्यात २५-२६ दिसले की कणीक पाककृतीतल्या वेळेच्या आसपास फुगते, हा माझा आताचा अनुभव. भाजतानाही सळई मदतीला येते. साधा पाव आतून ९३ ते ९८ अंशांवर तयार होतो, लोणी-अंडी घातलेला मऊ पाव ८८-९० ला. वरून छान तांबूस आणि आत चिकट, हा प्रकार थांबला.

आता टेंपे. इंडोनेशियातला हा पदार्थ म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनवर रायझोपस नावाची बुरशी वाढवून केलेली वडी. थंडीत हा उद्योग करू नका असं जवळपास सगळेच सांगतात, कारण या बुरशीला ३० ते ३२ अंश लागतात. म्हणूनच करून बघितला. सोयाबीन रात्रभर भिजवायचे, चोळून सालं काढायची (हे कंटाळवाणं आहे, सोबतीला कोणीतरी बसवा), दाणा अख्खा राहील पण चावला जाईल इतपत शिजवायचे. मग निथळून पसरायचे आणि वरचा ओलावा पूर्ण जाईपर्यंत कोरडे करायचे. इथे घाई केली तर बुरशीऐवजी भलतेच जिवाणू बस्तान मांडतात. थोडा व्हिनेगर, दाणे ३५ अंशांखाली आले की बुरशीची पूड, नीट कालवायचं आणि दातकोरणीने सेंटीमीटरभर अंतरावर भोकं पाडलेल्या पिशवीत तीनेक सेंटीमीटर जाडीचा थर द्यायचा. ऊब मिळावी म्हणून मी थर्मोकोलची पेटी घेतली आणि आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या.

पहिले काही तास पेटीतली हवा ३० वर राखण्यातच गेले, बाटल्या बदलत राहिले. गंमत पुढे आहे. साधारण अर्धा दिवस उलटला की दाण्यांवर धुक्यासारखा पांढरा थर दिसू लागतो आणि बुरशी स्वतःच उष्णता सोडायला लागते. मी सळई उकळत्या पाण्यात धरून पिशवीतून थराच्या मध्यात टोचून ठेवली होती. पेटीची हवा ३० वर स्थिर आणि मधला आकडा ३३, ३५, ३७ असा चढत चालला. नुसत्या पेटीवर विसंबले असते तर याचा पत्ताच लागला नसता. चाळिशीच्या पलीकडे बुरशीची वाढ मंदावते, जिवाणूंना रान मोकळं मिळतं आणि अमोनियाचा उग्र वास सुटतो. लगेच बाटल्या काढल्या, झाकण तिरकं ठेवलं, पिशव्या एकमेकींपासून लांब केल्या. आकडा हळूहळू ३२ वर उतरला. बाहेर कडाक्याची थंडी आणि मी पेटीला वारा घालतेय, हे दृश्य घरच्यांनी पुरेपूर अनुभवलं. दुसऱ्या दिवशी रात्री पिशवी उघडली तेव्हा पांढरीशुभ्र घट्ट वडी, वास ताज्या मश्रूमसारखा, सुरीने कापली तर एकही दाणा सुटला नाही. भोकांजवळ करडे-काळे डाग दिसले तर घाबरू नका, ते बीजाणू असतात. गुलाबी किंवा केशरी रंग, बुळबुळीतपणा, उग्र वास यांपैकी काही दिसलं तर मात्र सरळ फेकायचं. आणि टेंपे शिजवून किंवा तळूनच खायचं.

दह्याबद्दल थोडक्यात. दूध ८५ अंशांपर्यंत तापवलं की त्याच्या निवळीतल्या प्रथिनांची घडी उलगडते आणि दही घट्ट लागतं. ४३-४५ वर विरजण लावायचं. थंडीत विरजणाचं प्रमाण वाढवण्यापेक्षा भांडं गरम राखणं जास्त कामाचं ठरलं.

चॉकलेटसाठी थंडी हाच मोसम. काळं चॉकलेट ४५-५० पर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२ पर्यंत आणायचं. तसं केलं की कोको बटरचे हवे ते स्फटिक जमतात, चकाकी येते, तुकडा कडक्कन मोडतो. १८-२० अंशांच्या खोलीत ते सुरेख बसतं. अडचण एवढीच की गार भांड्यात आकडा भराभर घसरतो आणि ३१ गाठेपर्यंत धावपळ होते. कस्टर्ड ८२-८३ वर उतरवलं तर गुळगुळीत, त्यापुढे नेलं तर अंड्याच्या गुठळ्या. गोळीबंद पाक ११२ ते ११६ दरम्यान होतो, पण पाक थोडा असेल तर सळईचं टोक त्यात बुडत नाही आणि तळाला टेकलं तर भांड्याचंच तापमान दिसतं. कमी मापाच्या पाकाला मी अजूनही गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकूनच बघते.

तक्रारी आहेत. सर्वात मोठी म्हणजे वायर आणि सळई जिथे जुळतात तो सांधा. पावाच्या ओव्हनमध्ये वाफ सोडली की ओलावा तिथे शिरतो आणि मग आकडा वेड्यासारखा उड्या मारतो, पाव ४० अंशांवर असताना १५० दाखवतो. एकदा तर दोन दिवस कोरड्या जागी ठेवल्यावर कुठे ताळ्यावर आला. विकणाऱ्यांकडे विचारलं तर सळई सांध्यापर्यंत पाण्यात बुडवू नका, एवढंच उत्तर. बुडवली कोणी होती? दुसरं, काही मिनिटं बटण दाबलं नाही की पडदा आपोआप बंद होतो. बॅटरी वाचते खरी, पण टेंपेसारख्या कामात दर वेळी उठून चालू करावा लागतो, आणि ठरावीक आकड्याला वाजणारा गजर पडदा बंद असताना वाजतच नाही. मग गजराचा उपयोग काय? बॅटरी उतरली तरी इशारा मिळत नाही, नुसते अंक फिके होत जातात. मागचं चुंबक मात्र जोरदार, फ्रीजच्या दारावर घट्ट बसतं.

एकूण, वर्षाकाठी एखादा केक करणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. आंबवण्याचा नाद असलेल्यांनी वायरवालाच घ्यावा, पण गजर सतत चालू राहतो का हे बघूनच. आणि घेण्याआधी त्याच मॉडेलची सळई सुटी मिळते का ते विचारून घ्या, कारण पहिली वायरच जाणार आहे.